कोलकात्यातील हौशी क्रीडा क्लबसाठी सरकारी अनुदान: नोंदणी, अर्ज आणि हिशोब

तुमच्या वस्तीत मुलांना फुटबॉल, क्रिकेट, कबड्डी, कॅरम किंवा पोहणे शिकवणारा छोटा क्लब आहे. वर्गणीतून चेंडू येतात, पण मैदान सपाट करायला, खोलीचे छप्पर दुरुस्त करायला किंवा व्यायामाची साधने घ्यायला पैसे पुरत नाहीत. अशा क्लबला सरकारी मदत कुठून मिळू शकते, त्यासाठी कोणती तयारी लागते आणि पैसे मिळाल्यावर काय करावे लागते, याची माहिती या लेखात दिली आहे. कोलकात्यात राहणारी मराठी कुटुंबे आणि तेथील क्लबच्या कार्यकारिणीवर काम करणारे सदस्य यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. महाराष्ट्रातील पद्धतीहून जिथे फरक आहे, तिथे तो सांगितला आहे.

थोडक्यात

• अनुदान व्यक्तीला मिळत नाही, नोंदणीकृत संस्थेला मिळते. क्लब नोंदणीकृत नसेल तर पहिले काम नोंदणीचे.
• पैसे क्लबच्या नावाच्या बँक खात्यातच जमा होतात.
• मंजुरी ज्या कामासाठी असेल त्याच कामावर खर्च करावा लागतो.
• खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते दिले नाही तर पुढचा हप्ता अडतो.
• क्लबची जागा कोणाच्या मालकीची आहे, हे अर्जाआधी कागदावर स्पष्ट असावे.

पार्श्वभूमी

कोलकात्यात आळीला, वस्तीला 'पाडा' म्हणतात आणि जवळजवळ प्रत्येक पाड्याचा एक क्लब असतो. एक खोली, पुढे छोटे पटांगण, भिंतीवर जुन्या संघांची छायाचित्रे असे त्याचे रूप. हाच क्लब संध्याकाळी सराव घेतो, रक्तदान शिबिर भरवतो आणि शरदात दुर्गापूजाही करतो. मोहन बागान (१८८९), मोहमेडन स्पोर्टिंग (१८९१) आणि ईस्ट बंगाल (१९२०) हे मोठे क्लब सर्वांना माहीत आहेत. १८९८ पासून चालत आलेल्या कोलकाता फुटबॉल लीगमध्ये त्यांच्याखेरीज अनेक छोटे क्लबही खेळत आले आहेत. या लेखाचा विषय असे छोटे, बिनपगारी कार्यकर्त्यांवर चालणारे क्लब आहेत.

पश्चिम बंगाल सरकारने २०११ नंतर क्रीडा क्लबना थेट आर्थिक मदत देण्यास सुरुवात केली. निवड झालेल्या क्लबला पहिल्या वर्षी २ लाख रुपये आणि पुढील तीन वर्षे दरवर्षी १ लाख रुपये, म्हणजे चार वर्षांत एकूण ५ लाख रुपये, असे तिचे स्वरूप होते. खेळाच्या सोयी उभ्या करणे आणि साहित्य घेणे हा हेतू होता. क्लब निवडताना लोकप्रतिनिधींच्या शिफारशीला असलेले महत्त्व आणि खर्चाच्या हिशोबाची तपासणी या दोन मुद्द्यांवर या मदतीवर टीकाही झाली.

अशा मदतीसाठी दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद लागते आणि विभागाचा आदेश निघावा लागतो. म्हणून एखाद्या शेजारच्या क्लबला पूर्वी किती मिळाले यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका. चालू वर्षाचा आदेश पाहूनच अर्ज करा.

मदत कोणकोणत्या मार्गांनी मिळू शकते

१. राज्याचा युवा सेवा व क्रीडा विभाग. क्लबना मदत, मल्टिजिम, छोटे इनडोअर क्रीडा संकुल आणि मैदान विकास अशी कामे या विभागाच्या कक्षेत येतात. सर्वसाधारण क्लबने चौकशीची सुरुवात येथूनच करावी.

२. आमदार व खासदार स्थानिक विकास निधी. खासदाराला या योजनेत वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. हा निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, उदाहरणार्थ खोली, कुंपण, स्वच्छतागृह. चेंडू, गणवेश, स्पर्धेची बक्षिसे यांसाठी तो मागू नका. खासदार काम सुचवतो आणि सरकारी यंत्रणा ते करून घेते. आमदार निधीची चौकशी मतदारसंघाच्या कार्यालयात करावी.

३. केंद्राच्या योजना. 'खेलो इंडिया' २०१७-१८ पासून सध्याच्या एकत्रित रूपात राबवली जाते. तिचा भर क्रीडा सुविधा, प्रशिक्षण केंद्रे, स्पर्धा आणि गुणवान खेळाडू यांवर आहे. एका खोलीच्या क्लबला तिच्यातून थेट मदत मिळणे कठीण असते, मात्र क्लबमधील खेळाडूला निवड चाचणीतून संधी मिळू शकते. १९९८ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय क्रीडा विकास निधीही मुख्यतः वरच्या स्तरावरील खेळाडू आणि सुविधांकडे पाहतो. केंद्राकडे अर्ज करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेकडे नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरील नोंदणी क्रमांक असावा.

४. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक व ऑलिंपिक खेळ यांचे प्रशिक्षण या यादीत आहे. कंपनीने क्लबमार्फत प्रकल्प राबवायचा असेल तर क्लबकडे आयकर विभागाची १२ए व ८०जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर नोंदणी क्रमांक लागतो.

नोंदणी: महाराष्ट्रापेक्षा वेगळे काय

महाराष्ट्रात मंडळ नोंदवताना सहसा दोन कायदे एकत्र येतात: संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०. त्यामुळे 'धर्मादाय आयुक्तांकडे जाऊन या' हे वाक्य आपल्या कानांवरचे असते. पश्चिम बंगालमध्ये धर्मादाय आयुक्तांकडील अशी दुसरी नोंदणी नाही. तेथे पश्चिम बंगाल संस्था नोंदणी कायदा १९६१ लागू आहे आणि नोंदणी संस्था निबंधकांकडे होते.

नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात. संस्थेचे ज्ञापन आणि नियमावली तयार करावी लागते. ज्ञापनात उद्देश लिहिताना खेळाचा स्पष्ट उल्लेख करा. फक्त 'सांस्कृतिक व सामाजिक कार्य' असे लिहिलेले असेल तर क्रीडा अनुदान मागताना अडचण येते. जुन्या क्लबच्या ज्ञापनात खेळ नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून दुरुस्ती करून घ्या.

नोंदणी एकदा झाली म्हणजे काम संपले असे नाही. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे, हिशोब मांडणे आणि निबंधकांकडे वार्षिक विवरण देणे बंधनकारक आहे. कित्येक क्लबकडे जुने नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत असते, पण मधल्या वर्षांची विवरणे दिलेली नसतात. अर्जाच्या वेळी ही बाब उघड होते. म्हणून आधी राहिलेली विवरणे पूर्ण करा, मग अर्ज करा.

जागेचा प्रश्न

क्लबची खोली किंवा पटांगण कोणाचे आहे? कोलकात्यात याची उत्तरे वेगवेगळी असतात.

• कोलकाता महानगरपालिकेची जागा: पालिकेची परवानगी आणि ना हरकत प्रमाणपत्र लागते. पालिकेत १६ बरो आणि १४४ वॉर्ड आहेत. आपला वॉर्ड क्रमांक व बरो क्रमांक अर्जात अचूक लिहा.
• खाजगी मालकाची जागा: लेखी भाडेकरार किंवा संमतीपत्र हवे. तोंडी परवानगीवर पक्के बांधकाम करू नका. उद्या मालक बदलला तर सरकारी पैशांतून बांधलेली खोली हातची जाते आणि हिशोबाची जबाबदारी मात्र क्लबवर राहते.
• मैदान परिसर: शहराच्या मध्यभागी असलेले विस्तीर्ण मैदान संरक्षण मंत्रालयाच्या मालकीचे असून ते लष्कराच्या अखत्यारीत आहे. शेजारच्या फोर्ट विल्यमचे नाव आता 'विजय दुर्ग' आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ल्यावरून ते घेतले आहे. मैदानावरील क्लबची कार्यालये 'तंबू' म्हणून ओळखली जातात. तेथे लष्कराच्या परवानगीशिवाय पक्के बांधकाम करता येत नाही. अशा क्लबने बांधकामाऐवजी साहित्य आणि प्रशिक्षणासाठी मदत मागणे सोयीचे.

कागदपत्रांची यादी

अर्जाचा नमुना बदलू शकतो, पण पुढील कागद जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लागतात. एका फाईलमध्ये लावून ठेवा.

१. संस्था नोंदणी प्रमाणपत्र, ज्ञापन आणि नियमावली
२. सध्याच्या कार्यकारिणीची यादी, पदे आणि निवडीच्या सभेचा ठराव
३. क्लबच्या नावाचे पॅन कार्ड
४. क्लबच्या नावाचे बँक खाते, किमान दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सहीने चालणारे
५. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित जमाखर्च व ताळेबंद
६. जागेची कागदपत्रे किंवा ना हरकत प्रमाणपत्र
७. कामाचा तपशील, अंदाजपत्रक आणि दरपत्रके
८. क्लबच्या खेळविषयक कामाचा पुरावा: स्पर्धांतील सहभाग, सरावाची हजेरी, जिल्हा संघटनेची संलग्नता असल्यास तिचे पत्र
९. पूर्वी अनुदान मिळाले असल्यास त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र

यांतील आठव्या क्रमांकाकडे दुर्लक्ष होते. सरावाची साधी वही, म्हणजे तारीख, आलेली मुले, आलेल्या मुली आणि प्रशिक्षकाची सही, हा क्लब खरोखर चालतो याचा सर्वांत स्वस्त आणि भक्कम पुरावा आहे. ती आजपासून सुरू करा.

अर्ज कसा करावा

पायरी १: कार्यकारिणीच्या सभेत काम ठरवा आणि ठराव लिहा. कोणते काम, किती खर्च, क्लब स्वतःचे किती घालणार, हे ठरावात असावे.

पायरी २: युवा सेवा व क्रीडा विभागाच्या कार्यालयात चालू वर्षाचा आदेश, अर्जाचा नमुना आणि शेवटची तारीख विचारा.

पायरी ३: शिफारसपत्र लागत असेल तर नगरसेवक किंवा आमदार कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

पायरी ४: अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. ही प्रत खजिनदाराच्या घरी न ठेवता क्लबच्या फाईलमध्ये ठेवा.

अनुदान मिळवून देतो म्हणून कोणी 'टक्का' मागितला तर देऊ नका. मंजूर रकमेतून एक रुपयाही बाहेर गेला तर तो हिशोबात दाखवता येत नाही आणि सही मात्र तुमची असते.

अंदाजपत्रकाचा नमुना

समजा, क्लबला २ लाख रुपये मंजूर होणार आहेत. मागणी अशी मांडता येईल:

• पटांगण सपाट करणे व माती: ६५,००० रुपये
• गोलपोस्ट व जाळ्या: ४०,००० रुपये
• चेंडू, कोन व सरावाचे साहित्य: ३०,००० रुपये
• मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली व स्वच्छतागृह दुरुस्ती: ५५,००० रुपये
• प्रथमोपचार पेटी व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण: १०,००० रुपये
• एकूण: २,००,००० रुपये

'क्रीडा विकास: २ लाख' अशी एकच ओळ लिहू नका. तपासणाऱ्याला कामे वेगवेगळी दिसली पाहिजेत. नंतर उपयोगिता प्रमाणपत्र भरताना याच ओळी तुमच्या कामी येतात.

पैसे खात्यात आल्यावर

सरकारी अनुदान ही देणगी नाही. ती ठरलेल्या कामासाठी विश्वासाने सोपवलेली रक्कम आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून पुढील शिस्त पाळा.

• शक्य असल्यास अनुदानासाठी वेगळे बँक खाते ठेवा. ते जमत नसेल तर रोकडवहीत वेगळे पान उघडा.
• खर्च धनादेशाने किंवा बँक हस्तांतराने करा. रोख व्यवहार कमीत कमी ठेवा.
• प्रत्येक खरेदीचे क्लबच्या नावाचे पक्के बिल घ्या. कच्च्या चिठ्ठ्या चालत नाहीत.
• मोठ्या खरेदीसाठी तीन दरपत्रके घ्या आणि निवडीचे कारण सभेच्या इतिवृत्तात लिहा.
• घेतलेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवा. गोलपोस्ट, टेबल टेनिसचे टेबल, व्यायामाची साधने यांना क्रमांक द्या.
• कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे तारखेसह ठेवा.

वरच्या उदाहरणात १,८२,००० रुपयांतच काम झाले आणि १८,००० रुपये उरले, तर काय करायचे? ते खात्यातच ठेवा आणि उपयोगिता प्रमाणपत्रात शिल्लक म्हणून दाखवा. दुसऱ्या कामासाठी वापरायचे असतील तर विभागाची लेखी परवानगी मागा. परवानगी नसताना ते सहलीला, जेवणावळीला किंवा पूजेच्या मंडपाला वळवू नका.

उपयोगिता प्रमाणपत्र

मिळालेली रक्कम मंजूर कामावरच खर्च झाली, असे लेखी सांगणारा हा कागद आहे. त्यात मंजुरी आदेशाचा क्रमांक व तारीख, मिळालेली रक्कम, खर्च, शिल्लक आणि कामाचा तपशील असतो. सोबत सनदी लेखापालाने तपासलेला हिशोब जोडावा लागतो.

केंद्राच्या अनुदानाला सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ लागू होतात. त्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र देणे अपेक्षित असते. राज्याच्या अनुदानाची मुदत मंजुरी आदेशात दिलेली असते. ती तारीख क्लबच्या फलकावर लिहून ठेवा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी विसर पडणार नाही.

या कागदाचे महत्त्व दुर्गापूजा अनुदानाच्या वादात ठळकपणे दिसले. पूजा समित्यांना राज्य सरकारने २०१८ मध्ये १०,००० रुपये दिले. ही रक्कम वाढत २०२५ मध्ये १,१०,००० रुपये झाली. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, ५०,००० रुपयांच्या मदतीबाबत कलकत्ता उच्च न्यायालयाने ७५ टक्के रक्कम मास्क व सॅनिटायझर यांवर आणि उरलेली २५ टक्के पोलीस व जनता यांच्यातील सहकार्यावर खर्च करण्यास सांगितले आणि बिले सादर करण्याची अट घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने, उपयोगिता प्रमाणपत्र न देणाऱ्या समित्यांना अनुदान देऊ नये, अशी भूमिका घेतली.

पूजा अनुदान आणि क्रीडा मदत या दोन वेगळ्या बाबी आहेत. पण पाड्यात अनेकदा क्लब एकच असतो, खजिनदार एकच असतो आणि कपाटही एकच. म्हणून दोन्ही हिशोब पहिल्यापासून वेगळे ठेवा. एका हिशोबातील गोंधळामुळे दुसरी मदत अडली, तर त्याचा फटका संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलांना बसतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: आमचा क्लब नोंदणीकृत नाही. सचिवांच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेता येतील का?
उत्तर: नाही. आधी नोंदणी, पॅन आणि क्लबचे खाते. तोपर्यंत नोंदणीकृत क्लबच्या सहकार्याने स्पर्धा घेता येते, पण अनुदान त्या क्लबचे राहील आणि हिशोबही त्यालाच द्यावा लागेल.

प्रश्न: परदेशात राहणारे माजी खेळाडू देणगी देऊ इच्छितात. चालेल का?
उत्तर: भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी समजली जात नाही. त्या व्यक्तीने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर मात्र परदेशी देणगी नियमन कायदा २०१० लागू होतो. त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना असे पैसे स्वीकारू नका. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, हे आधी विचारा.

प्रश्न: आमचा अर्ज नाकारला की पडून आहे, हेच कळत नाही. काय करावे?
उत्तर: आवक क्रमांक देऊन लेखी विचारणा करा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. साधारणपणे ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. अर्जाची सद्यःस्थिती, निवडीचे निकष आणि मंजूर क्लबची यादी मागता येते.

प्रश्न: जुन्या कार्यकारिणीने उपयोगिता प्रमाणपत्र दिलेले नाही. आम्ही नवीन आहोत. जबाबदारी आमची का?
उत्तर: पैसे संस्थेला मिळाले होते, म्हणून संस्थेला उत्तर द्यावे लागते. बँकेकडून त्या काळाचा खातेउतारा घ्या, विक्रेत्यांकडून बिलांच्या प्रती मागा, जागेवर असलेल्या वस्तूंची यादी करा आणि सनदी लेखापालाला दाखवा. ज्याचा पुरावा सापडत नाही ती रक्कम स्पष्ट लिहा आणि विभागाकडे मार्गदर्शन मागा. खोटी बिले लावून आकडा जुळवू नका. आकडा न जुळणे ही त्रुटी आहे, खोटे बिल लावणे हा गुन्हा आहे.

प्रश्न: सरकारचे लेखापरीक्षक क्लबमध्ये येऊ शकतात का?
उत्तर: अनुदान देणाऱ्या विभागाला हिशोब तपासण्याचा अधिकार असतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षकही, विशिष्ट कामासाठी दिलेल्या अनुदानाच्या अटी पाळल्या जातात की नाही याची खात्री विभागाने कशी केली, हे तपासतात. त्यामुळे नोंदवह्या, बिले आणि खातेउतारे वर्षानुवार जपून ठेवा.

प्रश्न: अनुदान एक वर्ष आले आणि पुढे थांबले तर?
उत्तर: हे होऊ शकते. म्हणून प्रशिक्षकाचे मानधन, वीजबिल असे दरमहाचे खर्च अनुदानावर अवलंबून ठेवू नका. ते वर्गणी आणि स्थानिक देणगीतून भागवा. अनुदान एकदाच होणाऱ्या आणि टिकणाऱ्या कामांना वापरा. मग मदत थांबली तरी मैदान राहते, गोलपोस्ट राहतात आणि सराव चालू राहतो.

अर्ज करण्याआधी शेवटची तपासणी

☐ ज्ञापनात खेळाचा उद्देश आहे
☐ मागील वर्षांची विवरणे निबंधकांकडे दिली आहेत
☐ खाते क्लबच्या नावाचे असून संयुक्त सहीचे आहे
☐ जागेचा कागद हातात आहे
☐ अंदाजपत्रक कामानुसार मांडले आहे
☐ आधीच्या अनुदानाचा हिशोब पूर्ण आहे
☐ सरावाची हजेरी वही चालू आहे
☐ चालू वर्षाचा आदेश वाचला आहे

या आठपैकी एखादी बाब अपुरी असेल तर घाईने अर्ज न करता आधी ती पूर्ण करा.